थंडीनंतर उघडी पडलेली झाडं: उपटण्याआधी काय बघायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे अशीच अडचण असलेल्या इतरांनाही पुढचं नीट लागेल. तुम्ही जुळे सोलापुरात राहता. लेकीच्या बाळंतपणासाठी डिसेंबरच्या मध्यावर पुण्याला गेलात, त्या महाशिवरात्र झाल्यावर परत आलात. अंगणात डाळिंब, सीताफळ, पांढरा चाफा, जास्वंद, कागदी लिंबू, पारिजातक, गुलाबाच्या चार कुंड्या, मुलाने हौसेने आणलेलं सफरचंदाचं कलम आणि वृंदावनात तुळस. शेजारच्या मुलाने पाणी घातलं, पण नळच काही दिवसांआड येतो, त्यामुळे कधी घातलं, कधी राहून गेलं. आता बहुतेक झाडं काड्यांसारखी उभी आहेत. माळी म्हणतो, "थंडीने जळालीत, सगळी उपटून नवी लावू." तुम्ही विचारता, काढू की थांबू? आणि थांबायचं तर कुठवर?

थांबा. या महिन्यात एकही झाड उपटू नका. मी ३१ वर्षं हे काम करतोय, आधी सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत आणि नंतर शहरातल्या घरगुती बागांमध्ये. एवढ्या वर्षांत वाळलं म्हणून काढलेल्या झाडांपैकी बरीच जिवंत निघालेली मी माझ्या हातांनी पाहिली आहेत. तुमच्या अंगणातलं कोणतं वाचलं हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ते मुळांवर, मातीवर आणि पाण्याचा खंड नेमका किती पडला यावर ठरतं. पण ते तुमचं तुम्हाला कसं ओळखता येईल, हे सांगता येईल.

पहिली गोष्ट, हा दोष थंडीचा नाही. सोलापुरात पारा एखाद्या आठवड्यात १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, गड्ड्याच्या यात्रेत रात्री फिरताना शाल लागते, एवढीच आपली थंडी. जिथे झाडं खरोखर थंडीने मरतात, म्हणजे काश्मीर-हिमाचलात, तिथे फांदीतलं पाणी गोठतं, साल उभी फाटते, जमीनही गोठते आणि मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून झाड जागच्या जागी वाळतं. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर एखाद्या पहाटे हिमकण दिसतात. सोलापुरात तसं काही होत नाही. इथे रात्री गार, हवा कोरडी आणि त्यात पाण्याचा खंड. अशा वेळी झाड आपला खर्च कमी करतं, म्हणजे पानं टाकतं.

डाळिंबवाले हेच मुद्दाम करतात. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, धरायचा असला की डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून बागेला ताण देतात, वर इथ्रेल फवारून उरलेली पानं गाळतात, छाटणी करतात आणि मग पाणी सोडतात. त्या दिवसांत सांगोला-पंढरपूर रस्त्याने गेलात तर एकरच्या एकर बागा उघड्या दिसतील. नवखा माणूस म्हणेल, बाग गेली. मालक मात्र निवांत असतो, कारण महिनाभरात त्याच काड्यांना तांबूस पालवी आणि लाल कळी लागणार हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या अंगणात हाच ताण नकळत बसला आहे.

म्हणून थंडीत झाडं वाचली का, यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. पाणी कमी पडल्यावर झाडाने पानं स्वतः टाकली, की पानं टाकण्याइतकाही जीव त्याच्यात उरला नव्हता?

हा फरक पानांवरूनच कळतो आणि लोकांना नेमका उलटा वाटतो. पान गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी झाड पेशींचा एक पातळ थर तयार करतं, तिथून देठ सुटतो आणि जागा बंद होते. फांदी एकदम मेली तर हा थर तयारच होत नाही. मग पान तिथल्या तिथे वाळतं आणि चिकटून राहतं. लग्नाच्या मांडवाला बांधलेले आंब्याचे टाळे आठवा. आठ दिवसांत पानं कुरकुरीत होतात, वाऱ्याने वाजतात, पण गळत नाहीत. झाडावर असे टाळे दिसले तर काळजी करा. खाली पाचोळा पडलेला आणि वर फांदी स्वच्छ उघडी असेल तर पानं टाकली त्या दिवसापर्यंत तरी झाड जिवंत होतं, एवढं नक्की. त्या दिवसानंतर काय झालं, ते पुढच्या तपासणीत कळेल.

आता नखाची परीक्षा. ही बहुतेकांना माहीत असते, पण घाईत आणि एकाच जागी करतात, मग चुकीचं उत्तर मिळतं. डाळिंबापासून सुरुवात करा, कारण त्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. सकाळच्या उजेडात पेन्सिलीएवढी जाड फांदी धरा आणि शेंड्यापासून वीतभर खाली अंगठ्याच्या नखाने गव्हाच्या दाण्याएवढी साल खरवडा. वरचा राखाडी पापुद्रा कागदासारखा सुटतो. खाली पोपटी, ओलसर थर दिसला आणि नखाला किंचित ओल लागली तर तिथे जीव आहे. खाली तपकिरी निघालं, नखाखाली भुश्यासारखं कोरडं आलं, तर तेवढा भाग गेला. मग आणखी वीतभर खाली या. तिथेही तपकिरी निघालं तर अजून खाली, खोडाच्या बुडापर्यंत. डाळिंब शेंड्याकडून खाली वाळत येतं. त्यामुळे वरचे दोन हात वाळलेले आणि खालचा सगळा जिवंत, असं पुष्कळदा सापडतं.

खरवडाल तिथे जखम होते. म्हणून एका फांदीवर तीन-चार जागा पुरे. पातळ काडी असेल तर खरवडायचीही गरज नाही, वाकवून बघा. जिवंत काडी लवते आणि मोडलीच तर तंतू धरून मोडते. मेलेली कट्कन तुटते.

पुढची गोष्ट फारसं कुणी करत नाही, पण मला तिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. हिरवं जिथे सुरू झालं तिथे सुतळीचा तुकडा बांधून ठेवा. तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच फांदीवर बघा. हिरवी हद्द सुतळीपाशीच असेल तर झाडाने तिथे स्वतःला सावरलं आहे. हद्द सुतळीच्या खाली सरकली असेल तर वाळणं अजून चालू आहे आणि कारण खाली, मुळात किंवा खोडात शोधायला हवं. आजचं हिरवं आजपुरतंच सांगतं. झाड कुठल्या दिशेने चाललंय हे दोनदा बघितल्यावरच कळतं.

कारण साल हिरवी असली तरी झाड वाचेलच असं नाही. चाफ्याची फांदी तोडून भिंतीशी टेकवून ठेवा, महिनाभर हिरवी राहते. तिला मूळ नाही, तरी हिरवी. मुळं कुजलेलं झाडही असंच आपल्या साठ्यावर काही आठवडे तग धरतं. मार्चमध्ये चार पानंसुद्धा काढतं आणि एप्रिलचं ऊन लागलं की एका आठवड्यात कोसळतं. म्हणून शंका असेल त्या झाडाचं मूळ बघायचं.

मूळ बघणं मी ज्या झाडाकडून शिकलो, ते सांगतो. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. होटगी रस्त्यावरच्या एका बंगल्यात मार्चच्या सुरुवातीला मालकीणबाईंनी सीताफळ दाखवलं. "चार महिने एक पान नाही, काढून टाका." मी कुदळ घेतली आणि तासाभरात झाड आडवं केलं. तुटलेलं मूळ हातात घेतलं तर आतून ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं, त्यातून पाणी पाझरत होतं. नऊ-दहा वर्षांचं झाड. परत खड्ड्यात उभं केलं, पाणी घातलं, सावली केली, पण मोठी मुळं तोडलेली होती, ते लागलं नाही. त्या बाईंनी मला एक शब्द बोलला नाही. मला ते झाड आजही आठवतं आणि तेव्हापासून मूळ बघितल्याशिवाय मी कोणाचंही झाड काढलेलं नाही.

तर मूळ असं बघायचं. खोडापासून हातभर लांब, आळ्याच्या कडेला खुरप्याने हळूहळू माती उकरा. कुदळ नको. वीतभर खाली पेन्सिलीपेक्षा बारीक एखादं मूळ सापडेल. ते न तोडता नखाने साल खरवडा. आत पांढरं-पिवळसर, ओलं आणि साल घट्ट चिकटलेली, म्हणजे मूळ चांगलं. बोटांनी ओढल्यावर साल मोज्यासारखी निसटून आली आणि आत नुसता दोरा उरला, किंवा कुजका वास आला, तर ते मूळ मेलं. एका बाजूचं मेलेलं असलं तर दुसऱ्या बाजूला बघा, कारण पाणी एकाच बाजूला पडत असलं की मुळंही त्याच बाजूला जगलेली असतात. काळ्या मातीत आणखी एक पाहावं लागतं. ती वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा बारीक मुळं तोडतात. भेगेच्या काठावर तुटलेली मुळं दिसली म्हणून निराश होऊ नका, थोडं आत उकरून बघा.

माती बुजवायच्या आधी खोड दोन्ही हातांनी धरून हलवा. बुडाशी हललं, कर्रर्र आवाज आला, किंवा खोडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. आपल्याकडे कोरड्या जमिनीत पाण्याचा खंड पडला की पहिली तीच येते.

आता तुमची झाडं एकेक घेतो.

चाफ्याबद्दल माझी काळजी सगळ्यात कमी आहे. तो हिवाळ्यात पानं टाकतोच आणि नवी पानं उन्हं चढल्यावर काढतो. त्याला खरवडू नका, दाबून बघा. फांदी बोटांखाली भरीव लागली की झाला चाफा जिवंत. साल सुरकुतली असेल पण आत टणक लागत असेल तर तो फक्त तहानलेला आहे. दाबल्यावर मऊ पडली, बोट आत गेलं, शेंडा काळा झाला, तर तिथे कूज आहे. मग धारदार सुरीने खाली खाली काप घेत या. पांढराशुभ्र गर आणि भळभळ चीक दिसला की थांबा. तो काप उघडा वाळू द्या आणि आठ दिवस पाणी बंद ठेवा. एका कामात वापरलेली सुरी पुढच्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने पुसा.

सीताफळात एक गंमत आहे आणि ती माहीत नसल्यानेच ते सर्वांत जास्त वेळा उपटलं जातं. त्याचा डोळा पानाच्या देठाच्या बुडात झाकलेला असतो. जुनं पान गळल्याशिवाय नवा डोळा उघडाच होत नाही. म्हणून सीताफळाला पानं टाकावीच लागतात. फांदीवर जिथे देठ होता तिथे बारीक, लवदार, करडा टिंब दिसतो का बघा. दिसला तर काळजी नाही. पाणी दिलं तर मार्च-एप्रिलमध्ये फुटेल, नाही दिलं तर वळवाच्या पावसाची वाट बघेल. तुमचं झाड बियाचं आहे की कलम, तेही आठवून बघा. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांचं एनएमके-१ गोल्डन हल्ली पुष्कळ घरी दिसतं, ते कलम असतं. कलमाच्या सांध्याच्या खालून फुटवा आला आणि वर काहीच नाही, तर जिवंत राहिला तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलं ते खालचं झाड, तुमची जात गेली.

गुलाबालाही हेच लागू. बुडाशी गाठ असते, तिथे डोळा भरलेला असतो. गाठीच्या वरून फूट आली तर तुमचा गुलाब वाचला. गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून जोमदार, वेगळ्या पानांची फूट आली तर ती रानटी खुंटाची. ती ठेवलीत तर झाड मोठं होईल, पण तुमचं फूल येणार नाही. डाळिंबाला हा प्रश्न नाही. ते सहसा गुटीचं असतं, म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत एकच जात. डाळिंब वरून पूर्ण वाळलं आणि जमिनीतून फुटलं, तरी ते तुमचंच डाळिंब. चांगले तीन-चार फुटवे ठेवा, बाकीचे काढा, दोन-तीन वर्षांत झाड परत उभं राहतं.

मात्र डाळिंबावर पानं वाळून लटकत असतील, तीही एकाच फांदीवर आधी आणि मग दुसऱ्या, तर हा ताण नाही, मर रोगाची शंका आहे. ती फांदी आडवी कापून बघा. निरोगी लाकूड पिवळट-पांढरं एकसारखं दिसतं, मर लागलेल्यात काळपट-तपकिरी डाग किंवा पट्टे दिसतात. खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि बारीक भुसा असेल तर खोडकिडाही आलेला आहे. अशा झाडाच्या खड्ड्यात लगेच दुसरं डाळिंब लावू नका. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. आपल्या शहराजवळच एवढी सोय आहे, तर शंका असेल तेव्हा तिथे विचारावं असं मी सगळ्यांना सांगतो.

जास्वंद आणि लिंबू यांचा हिशेब वेगळा. ही सदाहरित झाडं. त्यांनी सगळी पानं टाकली म्हणजे ताण हद्दीबाहेर गेला. यांना जूनपर्यंत थांबवू नका. आत्ताच नखाने हिरवी हद्द शोधा, तिच्या किंचित खाली, डोळ्याच्या वर, तिरका काप घ्या आणि बेताचं पाणी सुरू करा. मार्चची ऊब आहे, जास्वंद जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत फुटतेच. नाही फुटली तर मूळ बघा. लिंबाच्या कोवळ्या काड्या मुळात हिरव्याच असतात, त्यामुळे रंगावरून लगेच कळतं, मेलेली काडी गवताच्या काडीसारखी पिवळट होते. लिंबाच्या बुडाशी डिंक आलाय का तेही बघा. आला असेल तर पाणी खोडाला टेकत होतं. आळं खोडापासून लांब न्या.

पारिजातक दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मेल्यासारखाच दिसतो. खरखरीत पानं झडतात, चौकोनी काड्या उरतात. त्यात तुमच्या नसण्याचा दोष फार थोडा. त्याला पावसाळ्यापर्यंत मुदत द्या.

सफरचंदाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण मुलाने हौसेने आणलंय. थंडीचा प्रश्न खरा असेल तर तो याच एका झाडाला आहे, आणि तोही उलट्या बाजूने. हिमाचल-काश्मीरच्या जुन्या जातींना डोळे उघडण्याआधी ७ अंशांच्या खालची थंडी शेकडो तास लागते, काहींना हजाराच्या पुढे. सोलापूर ती देऊच शकत नाही. अशी जात इथे थंडीने मरत नाही. थंडी न मिळाल्याने तिचे डोळे उघडत नाहीत, आणि तशा झोपेत उन्हाळा आला की ती खचते. कमी थंडीत चालणारी हरिमन-९९ ही जात हिमाचलच्या बिलासपूरचे हरिमन शर्मा यांनी पुढे आणली आणि ती मैदानी भागातही लावली जाते. तुमचं कलम तेच असेल तर आशा आहे. एक डोळा काढून ब्लेडने उभा चिरा. आत पोपटी हिरवं दिसलं तर जिवंत, काळं-तपकिरी आणि कोरडं असेल तर तो डोळा मेला. फांदीवरचे तीन वेगवेगळे डोळे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पानं गळालीत की लटकलीत ते बघा, नखाने हिरवी हद्द शोधून सुतळी बांधा, शंका असेल तिथे मूळ उकरा आणि कलमाच्या बाबतीत फूट सांध्याच्या वरून आहे का ते पाहा. आता पाण्याचं, कारण परत आल्यावर खरं नुकसान इथे होतं.

झाडं वाळलेली बघून जीव तुटतो. मग माणूस दोन महिन्यांची कसर एका दिवसात भरून काढतो, पाइप सोडून देतो, वर मूठभर युरिया टाकतो. पान नसलेलं झाड पाणी जवळजवळ ओढत नाही. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, भेगा बंद होतात, हवा कोंडते आणि ताणातून वाचलेली मुळं पाण्यात कुजतात. खताचा क्षार त्यांना आणखी जाळतो. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर क्षार आधीच पुरेसा आहे. नवी पानं पूर्ण वाढेपर्यंत कसलंही खत नको.

वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी आहे का, ते बघून पाणी द्या. वीतभर खालची मूठभर माती घ्या आणि लाडू वळा. लाडू वळला आणि बोटाने दाबल्यावर फुटला तर वाफसा आहे, आज पाणी नको. बोटांना चिखल चिकटला तर आठवडाभर नको. लाडू वळतच नाही, ढेकूळ आहे, तर पाणी द्या, पण एकदम नाही. पहिल्या दिवशी आळ्याच्या कडेने बादलीभर, दोन दिवसांनी आणखी दोन बादल्या, म्हणजे भेगांतून सगळं खाली निघून न जाता माती हळूहळू भिजते. वर पाचट किंवा वाळका पाला चार बोटं अंथरा, खोडाला मात्र टेकवू नका. आणि पान नसलेल्या खोडाला सावली नसते हे लक्षात ठेवा. मार्च-एप्रिलचं पश्चिमेचं ऊन सालीवर थेट पडलं तर साल भाजून फुटते. खोडाला पातळ चुना लावा, किंवा त्या बाजूला जुनं गोणपाट बांधा. जिवंत निघालेली झाडं पुढे याच उन्हात गमावलेली मी पाहिली आहेत.

थांबायचं कुठवर, याला मी आपल्याकडच्या झाडांचंच पंचांग वापरतो. पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा आणाल तेव्हा त्याला कोवळी तांबूस पालवी आणि मोहर असतो. तोवर जास्वंद, लिंबू आणि गुलाब फुटले नसतील तर त्यांचं मूळ उकरून निकाल लावा. गुलमोहर फुलला आणि चाफ्याला पान नाही, तर चाफ्याच्या फांद्या एकेक दाबून पुन्हा बघा. सीताफळ आणि पारिजातकाला मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे ७ जूनच्या पुढे दोन चांगले पाऊस होईपर्यंत हात लावू नका. डाळिंबाला पाणी सुरू केल्यापासून पाच-सहा आठवडे द्या. ज्यांनी २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळात टँकरच्या पाण्यावर बागा धरून ठेवल्या, त्यांना विचारा. ज्या झाडांवर कुऱ्हाड चालवायचं ठरलं होतं, त्यातली कित्येक पहिल्या पावसाने बुडातून फुटली.

माळ्याला रागावू नका. नवं झाड लावणं त्याचं काम आहे आणि उघडं अंगण बघून कोणीही हेच म्हणेल. त्याला सोबत घेऊन दोन झाडं खरवडून दाखवा, पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या घरी थांबायला सांगेल.

राहिली तुळस. तुम्ही लिहिलंय, काड्या कट्कन मोडतात आणि बुडाशी खरवडलं तरी तपकिरीच निघतं. मग ती गेली. तुळस तशीही दोन-तीन वर्षांची, आणि थंडीत मंजिऱ्या भरून आलेल्या असताना पाणी तुटलं की ती सहसा मागे येत नाही. पण वृंदावनातली माती उपसू नका. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा, काळपट बारीक बी पडेल. ते वरच्या मातीत पसरा, वर चिमूटभर माती भुरभुरवा आणि रोज सकाळी हाताने पाणी शिंपडा, ओतू नका. त्याआधी जरा वाकून नीट बघा. तुम्ही आल्यापासून तिथे रोज दिव्यासोबत पाणी पडतंय, तेव्हा जुन्या खोडाच्या बुडाशी दोन-दोन पानांची रोपं बहुतेक आधीच वर आलेली असतील. चार पानं झाली की त्यातलं जोमदार एक मध्ये ठेवा, आणि एक पुण्याला लेकीकडे पाठवा.